मस्काऱ्यात तीन थेंब खोबरेल

पापण्यांच्या बाबतीत बाई फार कडक आहेत, असं माझ्याकडे पार्लरचं काम शिकायला येणाऱ्या मुली एकमेकींत कुजबुजतात. मला ऐकू येतं. एखादीने भुवई वाकडी कोरली तर मी हसून सोडून देते, मेंदी पसरली तरी चालवून घेते. पण मस्काऱ्याची नळी हातात आली की माझा आवाज चढतो. नळी उघडली ती तारीख तिच्यावर लिहायची. तीन महिने झाले की अर्धी भरलेली असली तरी फेकून द्यायची. नळीतला ब्रश थेट कोणाच्या पापणीला लावायचा नाही, प्रत्येकीला वेगळा, वापरून टाकायचा ब्रश. आणि नळी सुकली तर सुकली, तिच्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. मध्ये एकीने विचारलं, "बाई, एवढं काय होतं त्याने?" मी म्हटलं, "होतं." तिला बिचारीला वाटलं मी रागावले.

सहा वर्षांपूर्वी मी एवढी शहाणी नव्हते. कुडाळला तीन महिन्यांचा कोर्स करून आले होते आणि मालवणच्या बाजारापासून मैल-दीड मैलावर, आमच्याच वाडीत, पडवीला पत्र्याचं दार बसवून पार्लर काढलं होतं. आरशासमोर पिवळा दिवा लावला तेव्हा वाटलं, आता आपल्यासारखे आपणच. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना, तशी गत. सुरुवातीला नुसत्या भुवया आणि वेण्या. मग हळूहळू लग्नं यायला लागली.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्याच वाडीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा धामापूरकडचा. मुलगी दिसायला देखणी, डोळे मोठे, पण पापण्या अगदी आखूड आणि सरळ, खाली झुकलेल्या. तिला त्याचं भारी दुःख. मोबाइलवर नवरीच्या मेकअपचे व्हिडिओ बघून बघून तिने एकच ध्यास घेतला होता. मला म्हणाली, "गो, माझ्यो पापण्यो अश्यो दिसाक होये, की फोटोत सगळ्यात आधी त्योच दिसतीत." मी छातीवर हात मारून म्हटलं, "करतंय. तू बघीतच रव."

त्यात खोटं काही नव्हतं, मला ते काम येत होतं. आखूड सरळ पापण्यांना जाड ब्रशचा मस्कारा लावला तर केस एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्यांना बारीक दातांचा, फणीसारखा ब्रश लागतो, तो केस न् केस सुटा करून लांब दाखवतो. आधी चिमट्याने पापण्या मुळाशी वळवायच्या, मनात दहा अंक मोजेपर्यंत धरायच्या. मग नजर खाली करायला सांगून मुळापासून ब्रश किंचित डावीउजवीकडे हलवत टोकापर्यंत ओढायचा. भरगच्चपणा मुळाशी द्यायचा, लांबी टोकाला. पहिला हात पुरता सुकायच्या आत दुसरा हात. आणि आमच्या किनाऱ्यावरचा मे महिना, घामाच्या धारा, होमाचा धूर, पाठवणीचं रडणं, हे सगळं धरून मस्कारा पाण्याने न उतरणाराच पाहिजे. साधा लावला तर सप्तपदीपर्यंत नवरी काळ्या आसवांनी न्हालेली.

तसा पाण्याने न उतरणारा, बारीक ब्रशचा मस्कारा माझ्याकडे एकच होता. दोडामार्गला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तो गोव्यातून आणून दिला होता. दीड सीझन मी तो पुरवून पुरवून वापरला. किती जणींना लावला असेल, मलाच आठवत नाही. त्यात मार्चमध्ये एका नवरीची करवली होती, तिच्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती. ती मागे लागली म्हणून तिलाही लावला. ब्रश टिश्यूला पुसला आणि परत नळीत घातला. रांजणवाडी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नळी उघडली तर आतला मस्कारा घट्ट. ब्रशवर काळा चुरा आला. नवीन आणायचा तर गोव्यापर्यंत जायला हवं, आणि इथे मांडवात सनई वाजतेय. आता आमच्याकडे जे काही अडतं ते खोबरेलाने सुटतं. कडी अडकली, घाल खोबरेल. बांगडी चढत नाही, लाव खोबरेल. मुलाच्या कानात मळ, केसात गुंता, शिलाई मशीन कुरकुरतंय, सगळ्याला एकच बाटली. मी नवरीच्याच स्वयंपाकघरात गेले, फोडणीच्या कपाटातली बाटली घेतली आणि नळीत तीन थेंब सोडले. नळी तळव्यात धरून चोळली. मस्कारा झाला की लोण्यासारखा मऊ. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. असला मस्कारा रात्री उतरवायला आपण तेलच वापरतो, हे मी कुडाळला वहीत लिहून घेतलं होतं. ज्याने उतरतो तेच मी त्यात घातलं.

त्याच घरात तिची काकी राहायची. नवरीच्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा तापाने गेला, मूलबाळ नाही. मग मोठ्या दिरांच्या या मुलीला तिनेच न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, वेण्या घातल्या. वाडी तिला ओळखायची ती तिच्या काजळासाठी. माक्याच्या पाल्याच्या रसात भिजवून सुकवलेली वात, एरंडेलाचा दिवा, वर पालथं घातलेलं तांब्याचं ताट. जमलेली काजळी ती पिसाने खरवडायची आणि तुपात खलायची. वाडीत कोणाकडे पाळणा हलला की सहाव्या दिवसाच्या आत काकीकडे डबी मागायला माणूस यायचं. ती डबी हातात देताना काकीचा चेहरा बघण्यासारखा असायचा. एरवी त्या घरात तिला विचारून काही होत नसे, पण काजळासाठी लोक तिचं दार शोधत यायचे.

बाळंतिणीच्या खोलीत तिचं काजळ चालायचं, लग्नाच्या मांडवात मात्र तिचा हात चालायचा नाही. शुभ-अशुभाचे नियमही आमच्याकडे सोयीचे असतात. हळदीच्या दिवशी ती मागीलदारी नारळ सोलत बसली होती, हे मी बघितलं होतं.

नवरीचा चेहरा अर्धा झाला होता तेव्हा ती हळूच खोलीत आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. पदराखालून डबी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "ह्यां काजळ तुझ्या हातान लाव गो तिका. माझ्या हातान नको. कोणाक सांगूही नको माझां म्हणान."

मी मान डोलावली. पण तुपातलं काजळ, मे महिना, तासाभरात गालावर उतरलं असतं. माझ्या कामाचं नाव गेलं असतं. मी डबी माझ्या पेटीत ठेवली आणि माझी पेन्सिल फिरवली. नवरीने डोळे मिटूनच विचारलं, "काकीचां काजळ लावलंस मां?" मी म्हटलं, "लावलंय." दाराआड काकी उभी होती, तिलाही मी मानेनेच हो म्हटलं. ती हसली आणि डोळे पुसत मागीलदारी गेली. डबी मी तिला नंतर परत केली नाही, विसरलेच.

पापण्या काय झाल्या होत्या! मी खोटं सांगत नाही, फोटोग्राफरने स्वतःहून दोनदा जवळून फोटो घेतले. मला शाबासकी मिळाली, तिथल्या तिथे दोन बायकांनी त्यांच्या मुलींची लग्नं मला सांगून टाकली. दुपारनंतर नवरी डोळे चोळतेय असं दिसलं, खालच्या पापणीवर काळपट तेलकट ओघळही आला होता. मी तो कापसाने टिपला आणि म्हटलं, घाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. नवरीचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते, पूजेला बसायचीही सोय नव्हती. तिला मालवणला डॉक्टरांकडे आणलं होतं आणि डॉक्टरांना लावलेल्या वस्तू बघायच्या होत्या. मी पेटी घेऊन गेले. दवाखान्यात नवरी डोळ्यांवर ओला कपडा धरून बसलेली, शेजारी तिची सासू, समोर तिची मोठी आत्या. काकी दारापाशी, हातात पाण्याचा तांब्या. लग्नात जिला पुढे येऊ दिलं नाही ती इथे सगळ्यांच्या आधी पोचली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांना काय काय लावलं होतं?"

मस्काऱ्याची नळी माझ्या पेटीत वरच होती. ती काढून "ही बघा, दीड वर्षं जुनी आहे, हिच्यात मी स्वयंपाकघरातलं तेल घातलंय" असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण सासू माझ्याकडे टक लावून बघत होती. माझं पत्र्याचं दार, पिवळा दिवा, आदल्या दिवशी सांगितलेली दोन लग्नं, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "चांगल्या कंपनीच्याच वस्तू लावल्या होत्या. आणि... घरचं काजळ होतं."

"घरचं काजळ डोळ्यात घालू नका, किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना," डॉक्टर म्हणाले, आणि औषध लिहायला लागले. पेटीकडे त्यांनी परत बघितलंही नाही.

आत्याने विचारलं, "घरचां म्हणजे कोणाच्या हातचां?"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यानेच उत्तर दिलं. आत्या सावकाश दाराकडे वळली. काकीने हातातला तांब्या खाली ठेवला. ती एवढंच म्हणाली, "मीच दिल्लंय." न लावलेल्या काजळाचा गुन्हा तिने कबूल केला, आणि मी तिच्यापासून तीन हातांवर उभी राहून ते ऐकून घेतलं.

डोळे आठ-दहा दिवसांत बरे झाले. काही पापण्या गळल्या, त्याही पुन्हा आल्या. पण बोलणं वाडीभर झालं, आणि वाडीच्या बाहेरही. "तरी सांगलेला, शुभकार्यात तिचो हात नको." "नवऱ्याक खाल्ल्यान, आता चेडवाचे डोळे खाणार होती." शिकल्यासवरलेल्या बायका हे बोलत होत्या. माझ्या आरशासमोर बसून, भुवया करून घेता घेता बोलत होत्या. मी दोरा दातात धरून होते. दोरा दातात असला की बोलावं लागत नाही, याचं मला बरं वाटायचं. इतकी मी हलकट झाले होते.

पुढल्या पाळण्याला काकीकडे कोणी डबी मागायला गेलं नाही. त्याच्या पुढल्यालाही नाही. मी ती नळी त्याच आठवड्यात माडाच्या आळ्यात पुरून टाकली. काकीच्या घरावरून बाजाराचा सरळ रस्ता जातो, मी व्हाळाकडून, ओढ्याच्या काठाने, वळसा घालून जायला लागले. नियम पाळायला लागले, तारखा लिहायला लागले, शिकणाऱ्या मुलींवर ओरडायला लागले. कोणी विचारलं तर सांगायची हिंमत नाही, पण नियम मात्र कडक. चोराच्या उलट्या बोंबा दुसरं काय. कधी कधी वाटायचं, आज जाऊन सांगावं. मग एखादी नवरी ठरवायला यायची आणि तो दिवस जायचा. तीन वर्षं अशी गेली.

मग ती लग्नातली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला तिला तयार करायला मलाच बोलावलं. खोलीत आत्या होती, शेजारच्या दोघी-तिघी होत्या, बाळ पलंगावर झोपलं होतं. मी नवीन ब्रश काढून तिच्या पापण्यांना मस्कारा लावत होते. ती हसत म्हणाली, "बघ हां, हेच डोळे. काकीच्या काजळान गेले असते माझे. बाळाक तर मी तिका हातच लावूक देऊक नाय अजून. मनात पाप नाय गो माझ्या, पण भिया वाटता."

बाळ बारा दिवसांचं झालं होतं. आणि त्याच घरात राहून काकीने त्याला घेतलंही नव्हतं. माझा हात थांबला. तिच्या एका डोळ्याच्या पापण्या झाल्या होत्या, दुसऱ्याच्या राहिल्या होत्या. मी ब्रश खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. रांजणवाडी, तीन थेंब खोबरेल, पेटीत राहिलेली डबी, दवाखाना. सांगताना मला वाटलं, आता ह्या मला झिंज्या धरून बाहेर काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं.

कोणी काही केलं नाही. एक शेजारीण "अगे बाय माझे" म्हणाली आणि दुसरी हसली सुद्धा, "खोबरेल! मस्काऱ्यात!" आत्याने बाळाचं दुपटं सारखं केलं आणि म्हणाली, "असूं दे गो. झाला गेला. तसापण तिच्या हातचां नकोच होतां शुभकार्यात." माझं खोटं तेव्हा दवाखान्यात अर्ध्या मिनिटात सगळ्यांना पटलं होतं. खरं सांगितलं तर त्याचं कोणाला काही करायचं नव्हतं. त्यांना माझ्या खोट्याची फक्त सोय झाली होती.

फक्त ती मुलगी, बाळाची आई, रडायला लागली. एका डोळ्याचा मस्कारा, चांगला होता म्हणून, जागचा हलला नाही. ती तशीच उठली, बाळाला उचललं, आत्याने आणलेली मेडिकलमधली काजळाची कांडी घेतली आणि मागीलदारी गेली. मी तिच्या मागोमाग.

काकी विळीवर खोबरं खवत होती. मुलीने तिच्यापुढे बसून, रडत रडतच, मी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. मी खांबाला धरून उभी होते. काकीने माझ्याकडे बघितलं. शिवी देईल म्हणून मी वाट बघत होते, पण ती मला पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.

"लावलंसच नाय?"

"नाय."

"वायच पण नाय? बोटाक लागलेलां, असां?"

"नाय काकी. डबी उघडूक पण नाय मी."

मुलीने कांडी पुढे केली. "काकी, डोळ्यांत नको, डॉक्टर नको म्हणतत. नुसती तीट लाव तिच्या पायाक. तू लाव."

काकीने पदराला हात पुसले. एकदा पुसले, मग दुसऱ्यांदा पुसले. कांडी घेतली, टोपण काढलं, बाळाचा तळवा डाव्या हातात धरला. आणि तिथेच थांबली. तिने टोपण परत लावलं आणि कांडी मुलीच्या मांडीवर ठेवली.

"माका नाय जमणा गो," ती म्हणाली. "तीन वर्षां मी ह्या हाताकच बघीत रवलंय. लोक बोलतत तां बोलतत, पण माका खरांच वाटलेलां, की ह्या हातातच कायतरी आसा. आधी तो गेलो, मग तुझे डोळे. आता ह्यां सांगता लावकच नाय म्हणान. पण तां आता माझ्या हाताक कसां समजावू?"

बाळ जागं होऊन रडायला लागलं, तरी काकीने हात पुढे केला नाही. तिने मुलीला त्याला आत न्यायला सांगितलं.